सरासरीला काढलेली पडवी

मुरबाडची सरासरी शहापूरच्या सरासरीपेक्षा नेहमी जास्त यायची. भात असो, नाचणी असो, वरई असो, आमच्या संस्थेच्या दोन कार्यालयांतून दर हंगामात दोन अहवाल निघायचे आणि दोन्ही शेजारी ठेवले की मुरबाड सुखात आणि शहापूर हलाखीत दिसायचं.

संस्था तशी छोटी. गावोगाव फिरून कुणाच्या शेतात काय पिकलं ते विचारायचं, आकडे संगणकात भरायचे, सरासरी काढायची आणि अहवाल मुंबईच्या एका ट्रस्टला पाठवायचा, एवढंच काम. शहापूरच्या कार्यालयात मी. सांख्यिकीत पदवी घेतलेली, सापगावच्या पुढच्या एका गावात दिलेली, म्हणून शिक्षण आणि संसार दोन्ही जवळच्या जवळ पार पडले होते. मुरबाडच्या कार्यालयात भाऊ. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, पूर्वी स्वतःचा कॉम्प्युटर क्लास चालवणारे. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर संचालक. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांना आकडेवारी कळत नसे, पण आवडत मात्र फार असे.

दर महिन्याच्या बैठकीत सर मुरबाडच्या सरासरीची कारणमीमांसा करत. एकदा ते म्हणाले, मुरबाडची माणसं जात्याच कष्टाळू. दुसऱ्यांदा म्हणाले, शहापूरला रेल्वे आहे, त्यामुळे शेतकऱ्याचा एक पाय बांधावर आणि एक फलाटावर असतो. असं उभं राहिल्याने पीक येत नाही. एकदा तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "शहापूरच्या धरणांचं पाणी वर्षानुवर्षं मुंबईला जातंय. आपल्या डोळ्यांदेखत आपलं पाणी दुसऱ्याला जाताना बघून इथली माती मनाने खचली आहे." हे वाक्य पुढे संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आलं.

मला घरी जास्त त्रास झाला. सासऱ्यांना मी एकदा बोलता बोलता हा फरक सांगितला. ते अंगणात विळ्याला धार लावत होते. धार लावायची थांबली. "मुरबाडवाल्यांचं भात काय वरशातून दोनदा पिकतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आकडे तसं सांगतात. ते म्हणाले, "आकडे कोन सांगतं?" मग पुढचे कित्येक दिवस जेवताना माझ्याकडे बघून "वाढा, शहापूरचंच हाय, थोडं कमी आसंल," असं म्हणायचे.

हे असंच चाललं असतं. पण एका हंगामात तालुक्यांच्या हद्दीवरच्या एका गावात दोन्ही कार्यालयांची माणसं चुकून जाऊन आली. तीच घरं, तीच शेतं, तेच आकडे. मी शहापूरला सरासरी काढली, भाऊंनी मुरबाडला काढली. भाऊंची जास्त. आता कष्टाळूपणा, रेल्वे आणि मातीचं मन, तिन्ही कारणं एका झटक्यात बाद झाली. मी कागदावर बेरीज करून भागाकार केला. माझंच उत्तर बरोबर होतं. तरी पुन्हा केला, कारण भाऊंचा दरारा मोठा होता. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरबाडची जीप धरली.

मुरबाडचं कार्यालय एका खताच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढेपर्यंत युरियाचा वास नाकात बसतो. खोलीच्या मध्यावर भाऊंचा संगणक, त्याला दसऱ्याचा हार अजून घातलेला, झेंडूची फुलं वाळून तपकिरी झालेली. इंटरनेटची वायर काढून, गाईच्या दाव्यासारखी वेटोळी करून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली.

"वायर का काढली?" मी विचारलं.

"मोकळी सोडली की ते सॉफ्टवेअर बाहेरून नवं काय तरी आनतं न् माझं खातं," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी मला दाखवलं. आम्ही वापरायचो ते सांख्यिकी सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं. जगात कुठे कुठे बसलेली माणसं मिळून ते लिहितात, आणि ते आतून उघडून बघायलाही मुभा असते. माझ्यासारखे लोक ती मुभा असूनही कधी उघडत नाहीत. भाऊंनी उघडलं होतं, आणि आत शिरून आपल्या घरासारखं ते बदलून घेतलं होतं. सुरू केलं की पहिल्यांदा त्यांच्या बैलजोडीचा फोटो दिसायचा. सगळ्या याद्या मराठीत. 'मदत' लिहिलेल्या जागी दाबलं की भाऊंचा मोबाइल नंबर यायचा. आणि माप! आमच्याकडे माणूस पिकाचा हिशेब किलोत सांगत नाही. खंडी, मण, पायली यांत सांगतो, आणि पायली तर गावागणिक वेगळी. मी दर हंगामात हे सगळं हाताने किलोत बदलत बसायचे. भाऊंच्या सॉफ्टवेअरला नुसतं गावाचं नाव आणि 'तीन खंडी' सांगितलं की ते आपोआप समजून घ्यायचं. मला त्यांचा हेवा वाटला हे खरंच सांगते.

"आणि सरासरी?" मी विचारलं.

भाऊंनी छाती पुढे काढली. "ती पन सुधारली."

"सुधारली म्हणजे?"

"एक साली मी खरी सरासरी लिवून दिली, तवा सरांनी मना सगळ्यांसमोर झापला. म्हनाले, मुरबाडची शोभा केलीत. ज्यांची शेतं पडीक राहिली, ज्यांचं रानडुकरांनी खाल्लं, त्यांची शून्यं लागलेली ना आकड्यांना. मंग मी इच्यार केला, ज्याचं काय पिकलंच नाय त्याला पिकाच्या सरासरीत कशाला घ्याचा? आत गेलो न् शून्य काढून टाकलं. आता आपल्या सॉफ्टवेअरला शून्य दिसतच नाय."

"भाऊ, तुम्ही गणित बदललंत."

"मी नाय बदललं. मी त्यांची चूक दुरुस्त केली. बनवनाऱ्यांनी या बाजूचा इच्यारच नवता केला."

मी त्यांना म्हटलं, सरांना सांगावं लागेल. ते म्हणाले, सांगा. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मी शहापूरला येऊन सरांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मुरबाडचं सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा पुढचं आहे. शहापूरलाही बसवून घ्या."

ते बसवून घ्यायची वेळ आली नाही, कारण सरांनीच ते मारलं.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. सर काही पाहुण्यांना घेऊन मुरबाडच्या कार्यालयात गेले. कुठल्याशा कार्यक्रमात केलेल्या स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ त्यांना दाखवायचा होता. भाऊ चहा सांगायला खाली उतरले होते. सरांनी खिळ्यावरची वायर काढली आणि संगणकाला जोडली. भाषण लागलं. पाहुण्यांनी ते पूर्ण ऐकलं. तेवढ्या अवधीत सॉफ्टवेअरने बाहेरच्या जगाशी बोलून घेतलं, साचलेल्या सगळ्या नव्या दुरुस्त्या आणल्या, 'बसवू का?' असं विचारलं आणि भाषणाच्या वर आलेली ती चौकट सरांनी 'हो' म्हणून घालवली. भाऊ चहा घेऊन वर आले तेव्हा बैलजोडी गेली होती.

त्यांचा मला फोन आला. एवढा मोठा माणूस, पण आवाज असा, की घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय असं मला वाटलं. "सगळं गेलं ताई," ते म्हणाले. "माझी सगळी मापं गेली. गावागावांत जाऊन आणलेली."

त्यांच्याकडे जुन्या फायलींची प्रत होती. ती त्यांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बघितली. सॉफ्टवेअर सुरूच होईना. जुन्या घराची खिडकी काढून नव्या घराच्या भिंतीत कोंबावी तसं झालं होतं; सगळी मोजमापं आतून बदललेली. पुन्हा नुसतं नवं बसवलं तर सुरू झालं, पण भाऊंचं काहीच नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात हंगामाचा अहवाल द्यायचा होता. आकडे भरणाऱ्यांनी सवयीप्रमाणे 'तीन खंडी' भरलं. नव्या सॉफ्टवेअरला खंडी कळेना. त्याने शब्द सोडला, तीन तेवढा घेतला आणि तो किलोच धरला. त्यातून निघालेली मुरबाडची सरासरी बघून सर खुर्चीतून उठले.

"दुष्काळ!" ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, माप—"

"अभूतपूर्व आहे हे. एका शेतात तीन किलो! माणसं जगतात कशी?" त्यांनी तिथेच ट्रस्टसाठी मदतीच्या आवाहनाचा मजकूर सांगायला सुरुवात केली. तो मजकूर घेऊन ते गाडीने मुरबाडला निघाले आणि वाटेत भाताच्या गोण्यांनी भरलेल्या एका ट्रॅक्टरमागे अडकले. ट्रॅक्टर पुढे जाईना, कारण समोरून दुसरा येत होता, तोही भरलेला. सर मुरबाडला पोचले ते चिडूनच. भाऊंनी त्यांना खंडीचं आणि किलोचं सांगितलं. सर विचारात पडले. मग म्हणाले, "ह्याला उपाय एकच. शेतकऱ्यांना किलोत उत्तर द्यायचं प्रशिक्षण द्या. एक शिबिर घेऊ. उद्घाटनाला मी येतो."

शिबिर झालं नाही ते केवळ शेतकरी झोडणीत होते म्हणून.

मी ह्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मोबाइलवर ठेवली होती. जीपमधून येता-जाता वाचायचे. तिच्या अगदी शेवटी, जिथवर कुणी जात नाही तिथे, एक प्रकरण होतं: मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता आपल्याला हवा तो भाग वेगळा लिहून त्याला कसा जोडायचा. त्याला प्लगइन म्हणतात. प्लगइन वेगळ्या जागी राहतं. मूळ नवं आलं तरी ते तिथेच असतं. नको असेल तेव्हा काढून ठेवता येतं. मी दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेले आणि भाऊंना हे सांगितलं.

त्यांनी ऐकून तोंड वाकडं केलं. "म्हंजे मूळ त्यांचंच ऱ्हानार. मंग आपलं काय त्यात?"

"भाऊ, तुमच्या घराला पडवी आहे ना?"

"हाय."

"ती काढताना घर पाडलं होतंत का?"

"घर कशाला पाडंल? वळचणीच्या खाली नवे वासे टेकवले न् पुढं छप्पर वाढवलं."

"मग हे तसंच आहे. घर त्यांचं, ते दरवर्षी शाकारतात. आपण पुढे पडवी काढायची. आपली मापं पडवीत."

भाऊ उठले. संगणकावरचा वाळका हार त्यांनी काढून खिडकीबाहेर टाकला. "बसा," ते म्हणाले. "पन पडवीची दिशा मी ठरवनार."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले. मी सकाळी शहापूरचं काम उरकायचे, जीपने मुरबाडला जायचे. भाऊ त्यांच्या डोक्यातली मापं सांगायचे, मी ती लिहायचे, मग ते म्हणायचे हे असं नाय लिवत, आणि स्वतः लिहायचे. त्यांचं चुकायचं तेव्हा ते संगणकाला दोष द्यायचे, माझं चुकायचं तेव्हा मला. पायलीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, शहापूरकडची पायली मोठी. ते म्हणाले, शहापूरकडं सगळंच मोठं, फक्त पीक बारकं. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या पिकाचं गुपित मला माहीत आहे. त्यावर ते इतके हसले की खालचा खतवाला वर बघायला आला.

शून्याचा विषय निघाला तेव्हा मात्र ते हसले नाहीत. मी स्वच्छ सांगितलं, सरासरीला आपण हात लावायचा नाही. जशी आहे तशी.

"नाय लावत," भाऊ म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या शून्यात माझा चुलतभाऊ पन होता. रानाला लागून शेत हाय त्याचं. डुकरांनी एक कणूस ठेवलं नाय. मी मोजनीतनं काढला त्याला. रोज भेटतो मना, त्याला ठावक पन नाय."

आमची पडवी झाली. सॉफ्टवेअरला खंडी कळली. मुरबाडचा दुष्काळ एका दुपारी संपला. वर मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवून बघितली. पडवी जागची हलली नाही. भाऊंनी ती आवृत्ती मुद्दाम पुन्हा काढून पुन्हा बसवली. पडवी तिथेच. ते खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले.

आम्ही सरांना दाखवलं. 'पडवी' हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला, ही माझी मोठी गफलत. सरांना प्लगइन कळलं नसतं, पण पडवी कळली. आणि मूळ न बदलता वाटेल ते करता येतं, ही कल्पना तर त्यांना इतकी आवडली की तिने त्यांचं आयुष्यच सोपं झालं. आठवड्याभरात दोन्ही कार्यालयांत पाट्या लागल्या: 'मुळाला हात लावू नये.' शहापूरला ती पाटी पाण्याच्या पिंपावर लावली होती, त्यामुळे काही दिवस कुणी पाणीच प्यायलं नाही.

मग पडव्यांचा पाऊस सुरू झाला. प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर सरांचा फोटो आपोआप यावा, यासाठी पडवी. फोटोत सर हसरे दिसावेत, पण पीक बुडालं असेल तर गंभीर दिसावेत, म्हणून त्या पडवीला दुसरी पडवी. 'घट' हा शब्द आला की तिथे 'स्थिरावत असलेली वाढ' असं उमटावं, यासाठी एक. शिपाई सुट्टी मागायला आला तर सर म्हणायचे, "मूळ रजा नाही. पडवी म्हणून अर्धा दिवस घे." भाऊ सगळ्या मागण्या पूर्ण करत. मी विचारलं, तर म्हणाले, "काय बिघडत नाय ताई. एक टिचकी मारली की बंद. मुळात कुठं काय केलंय?"

आणि मग व्हायचं तेच झालं. वर्षअखेरच्या अहवालात मुरबाडची सरासरी शहापूरच्या शेजारी येऊन बसली. सरांना ते सहन झालं नाही. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"ती जुनी शून्याची सोय," ते म्हणाले. "ती पडवी म्हणून परत करा."

"सर, तसं करणं बरोबर नाही," मी म्हटलं. "आणि आता ते लपणारही नाही. पडवी वेगळी असते. आपली फाइल दुसऱ्या कुणी उघडली, की त्याचं सॉफ्टवेअर ती पडवी मागणार."

"मुळाला हात लागतोय का?"

"नाही, पण—"

"मग प्रश्न मिटला." सरांनी भाऊंकडे बघितलं. "नाव चांगलं द्या. शुद्ध सरासरी."

मी लिहायला नकार दिला. सरांनी ते काम भाऊंना सांगितलं. भाऊंनी मान हलवली आणि लिहून दिली. पण नाव मात्र त्यांनी 'शून्यवगळ' ठेवलं. सरांनी नाव वाचलं नाही, त्यांनी सरासरी वाचली आणि खूश झाले.

ट्रस्टच्या बाई दरवर्षी एकदा यायच्या. त्या वर्षी त्या जवळच्या म्हसा गावची जत्रा चालू असताना आल्या, कारण त्यांना जत्रेतून घोंगडी घ्यायची होती. मुरबाडभर गाड्यांची आणि जनावरांची गर्दी. बैठक खताच्या दुकानावरच्या खोलीत. बाई बोलायला साध्या, केस पिकलेले, पायात सपाता. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. मला माहीत नव्हतं, सरांनाही नव्हतं, की त्या स्वतः अर्थशास्त्राच्या आहेत आणि तेच सॉफ्टवेअर वापरतात.

"छापील अहवाल राहू द्या," त्या म्हणाल्या. "मूळ फाइल द्या, मी इथेच बघते."

'मूळ' हा शब्द ऐकून सर प्रसन्न झाले. "आमच्याकडे मुळाला कुणी हात लावत नाही," ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले. भाऊंनी फाइल दिली; मापं तीत आधीच किलोत बदललेली होती. बाईंनी उघडली. पडद्यावर चौकट आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"'ह्या फायलीला शून्यवगळ नावाची जोडणी लागते. ती सापडली नाही. तिच्याशिवाय पुढे जाऊ का?'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय आहे?"

सरांनी मान माझ्याकडे वळवली, मी भाऊंकडे. खाली रस्त्यावरून कुणाचा तरी बैल घुंगरं वाजवत गेला.

"त्याचा अर्थ असा हाय बाई," भाऊ म्हणाले, "की ज्यांचं काय पिकलंच नाय ते आमी मोजले नाय."

"का?"

"त्यांना मोजलं की सरासरी खाली येते."

सर बोलू लागले. प्रातिनिधिक, गुणात्मक, आशादायक असे बरेच शब्द झाले. बाईंनी ते सगळे संपू दिले, मग लॅपटॉपवर 'हो, पुढे जा' दाबलं. सरासरी खाली आली. तो आकडा त्यांनी कागदावर लिहून घेतला.

"आमचा ट्रस्ट बियाणं कुणाला देतो, तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "ज्यांचं पीक पूर्ण गेलं त्यांना. मी दरवर्षी बघते, मुरबाडला असं कुणीच नसतं. मला वाटायचं, काय सुखी तालुका आहे! दरवर्षी मुरबाडच्या वाटचं बियाणं दुसरीकडे पाठवते मी."

भाऊ उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मला त्यांच्या चुलतभावाची आठवण झाली, त्यांनाही झाली असणार. बाईंनी पुढे विचारलं, "हे तुमच्या सॉफ्टवेअरने मला सांगितलं कसं? बहुतेक लोक असलं काही लपवून करतात."

"आदी लपूनच केलं होतं," भाऊ खिडकीकडे बघतच म्हणाले. "मुळात जाऊन. तवा कोनला दिसलं नाय. मनासुद्धा."

बाई गेल्या. जाताना घोंगडी कुठे चांगली मिळेल ते भाऊंना विचारून गेल्या, त्यामुळे आम्हाला जरा हायसं वाटलं. सर मात्र आठ-दहा दिवस कार्यालयात दिसले नाहीत. मला वाटलं, शरमेने. पुढच्या बैठकीत ते नवं भाषण घेऊन आले.

"आजवर सगळ्या संस्था सरासरीच्या मागे धावल्या," ते म्हणाले. "शून्याकडे बघायचं धाडस कुणी केलं नाही. आपण केलं. मुरबाडमध्ये शून्याचा शोध आपल्या संस्थेने लावला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शहापूरची शून्यं कमी दिसतात. जरा कष्ट घ्या. मुरबाडकडून शिका."

फोटोची, हसण्याची आणि स्थिरावत्या वाढीची पडवी अजून चालू आहे. शून्यवगळ भाऊंनी स्वतः पुसली. बियाणं आलं, वाटलं गेलं. भाऊंच्या चुलतभावालाही मिळालं. त्याने भाऊंना विचारलं म्हणे, आधी कधी कसं आलं नाही? भाऊंनी त्याला काय सांगितलं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्यात भाऊ रोज सकाळी त्याच्या शेताला कुंपण घालायला जात होते. हाताला काटे लागलेले असायचे.

मापांची पडवी मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सामायिक जागेवर ठेवली, कुणालाही घेता येईल अशी. कोकणातल्या एका कॉलेजने घेतली. कुठल्याशा दूरच्या डोंगराळ देशातल्या एका माणसाने लिहिलं की त्यांच्याकडेही टोपल्यांनी मोजतात, त्याने आमच्या पडवीत स्वतःच्या टोपल्या घातल्या आहेत. मी ते भाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "घालू दे. जागा हाय." आणि लगेच विचारलं, "त्याची टोपली आपल्या पायलीपेक्षा मोठी हाय का?"

मध्यंतरी उंबरमाळीच्या बाजूच्या एका वाडीतली मापं जुळत नव्हती. वरईचे आकडे एकाच घरात कधी जास्त, कधी कमी. आम्ही दोघं गेलो. गाडीतून उतरून रानातून चढत चढत भाऊंचा श्वास लागला, तरी पूर्ण वाटभर ते मला माझं कुठे चुकलं असेल ते सांगत होते. घरात एक म्हातारी होती. ओटीवर वरई वाळत घातलेली, तिच्याभोवती कोंबड्या हाकत बसलेली. मी विचारलं, "आजी, तुमची पायली बघू."

तिने आतून दोन लाकडी मापं आणून समोर ठेवली. एक मोठं, एक बारीक.

"ह्यातली पायली कुठली?" मी विचारलं.

"दोन्नी."

"दोन्ही कशा?"

"ही घ्याची," ती मोठ्यावर हात ठेवून म्हणाली. "न् ही द्याची."

भाऊंनी पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला होता. बोटं तशीच वर राहिली. "आजे, पन मी लिवू कुठली?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, घामाने ओला झालेला शर्ट बघितला, आणि आत हाक मारली, "गो, पाहुन्यांना पानी आन." मग भाऊंना म्हणाली, "लिव रे मोठी. येवढा चढून आलास तं."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन्ही लिहा, नाहीतर पुन्हा चढावं लागेल. त्यांनी दोन्ही लिहिल्या, आणि पाणी आलं तेव्हा लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.